साहेलमध्ये नेमकं काय चाललंय? माली, बुर्किना फासो आणि नायजरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून भारतीय कामगारांच्या बातम्या एकामागून एक येत राहिल्या. एप्रिलमध्ये नायजरच्या तिलाबेरी भागातून झारखंडच्या पाच जणांना पळवून नेलं. १ जुलैला मालीतल्या कायेस इथल्या सिमेंट कारखान्यावर हल्ला झाला आणि तिथल्या तिघा भारतीयांना पळवून नेलं. त्याच महिन्यात नायजरच्या डोसो भागात वीजवाहिनीच्या कामावर असलेले दोघे मारले गेले, एकाला पळवलं. नोव्हेंबरमध्ये मालीतल्या कोब्रीजवळून विद्युतीकरणाच्या कामावरचे आणखी पाच जण नेले. आपल्याकडे ही बातमी दोन परिच्छेदांत संपते आणि ज्यांच्या घरचं माणूस तिकडे आहे किंवा निघालंय, त्यांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून लोक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं २०२५ अखेरपर्यंतच्या घडामोडींवर आधारलेली आहेत.

साहेल म्हणजे कुठला भाग?

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, अटलांटिकपासून तांबड्या समुद्राच्या दिशेने गेलेला कोरडवाहू पट्टा. पाऊस तीन-चार महिने, तोही बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी आणि गुरं यांवर जगणारा मुलूख. इथे आपण त्यातल्या तीनच देशांबद्दल बोलू: माली, बुर्किना फासो आणि नायजर.

या तिन्ही देशांना समुद्रकिनारा नाही, ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डिझेल, सिमेंट, तांदूळ, औषधं, सगळं डाकार, आबिदजान, लोमे, कोतोनू अशा परक्या बंदरांत उतरतं आणि शेकडो किलोमीटर ट्रकने आत येतं. राजधानीतल्या राजवाड्यात कोण बसलंय यापेक्षा त्या रस्त्यावर कुणाची हुकमत चालते, यावर तिथल्या माणसाचं आयुष्य ठरतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

हे सगळं सुरू कधी झालं?

असंतोष जुना आहे, पण भडका उडाला २०१२ मध्ये. २०११ मध्ये लिबियात गद्दाफीची सत्ता कोसळली. त्याच्या सैन्यात नोकरीला असलेले तुआरेग (सहारातला भटका समाज) लढवय्ये हत्यारांसह उत्तर मालीत परतले आणि त्यांनी स्वतंत्र राज्यासाठी उठाव केला. मार नीट देता येत नाही म्हणून चिडलेल्या मालीच्या सैनिकांनी मार्च २०१२ मध्ये आपलंच सरकार उलथवलं. त्या गोंधळात टिंबक्टू, गाओ आणि किडाल ही तिन्ही शहरं हातची गेली. उठाव तुआरेगांचा होता, पण काही महिन्यांतच अल-कायदाशी जोडलेल्या गटांनी त्यांना बाजूला सारलं. टिंबक्टूतल्या संतांच्या शतकांपूर्वीच्या कबरी कुदळींनी फोडल्या गेल्या त्या याच काळात. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सचं सैन्य आलं, शहरं सोडवली गेली. जगाने हुश्श केलं. हत्यारबंद गट मात्र मोडले नव्हते, ते खेड्यांत पांगले होते.

म्हणजे हा धर्माचा लढा आहे का?

गटांचे म्होरके तसं म्हणतात. पण खेड्यातला पोरगा बंदूक का उचलतो, हे समजायचं तर गवताकडे बघावं लागेल.

मालीच्या मध्यभागी मोप्तीच्या आसपास नायजर नदी पसरते आणि पावसाळ्यानंतर मैलोन्‌मैल रान पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की बुर्गू नावाचं गवत वर येतं. कोरड्या दिवसांत गुरं जगवणारं तेच. फुलानी गुराखी पावसाळ्यात कळप घेऊन उत्तरेला जातात आणि पाणी उतरताना परततात. दियाफाराबे गावाजवळ हजारो गुरं नदी पोहून पार होतात, तेव्हा सगळा गाव सणासारखा नटून काठावर उभा असतो. हा सोहळा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. कुठला कळप आधी उतरणार, कुठे चरणार, याचे नियम एकोणिसाव्या शतकात तिथल्या फुलानी राज्याने घालून दिलेले.

आपल्याकडे धनगराचा वाडा काढणी झालेल्या रानात उतरतो, मेंढरं बसतात, शेताला खत मिळतं आणि शेतकरी धान्य देतो. मालीत फुलानी गुराखी आणि डोगोन, बांबारा शेतकरी यांच्यात अगदी तसाच व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो मोडत गेला तो हळूहळू. दुष्काळ पडले, लोकसंख्या वाढली, नदीकाठ भातशेतीखाली गेला, गुरांच्या वाटा नांगरल्या गेल्या. बुर्गूच्या कुरणावर हक्क सांगणारे वतनदार चराईचे दर वाढवत गेले. तंटा झाला तर निवाडा करणारा सरकारी अधिकारी दोन्हीकडून पैसे खायचा.

इथे अमादू कुफा नावाच्या प्रचारकाच्या गटाने शिरकाव केला. त्यांनी वतनदारांना धमकावलं, चराईचे दर खाली आणले, तंटे चार दिवसांत निकालात काढले. बदल्यात शाळा बंद, गाणं-वाजवणं बंद, बायकांवर बंधनं, वर जकात म्हणजे धार्मिक दानाच्या नावाने वसुली. अनेकांना हे जाचकच वाटलं. पण निवाडा मिळत होता.

मग सूडाचं चक्र सुरू झालं. 'फुलानी म्हणजे दहशतवादी' असं सरसकट समीकरण बसलं. शेतकरी गावांनी संरक्षण दलं उभारली. २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या फुलानी गावावर हल्ला होऊन सुमारे १६० माणसं मारली गेली, त्यांत लहान मुलंही. मे २०२५ मध्ये त्याच दियाफाराबेच्या गुरांच्या बाजारातून सैनिकांनी धरून नेलेली वीसहून अधिक माणसं नंतर मेलेली सापडली, असा गावकऱ्यांचा आरोप आहे. लष्कराने चौकशी जाहीर केली. सणाच्या जागी असं घडलं, तर त्या गावचा तरुण उद्या कुणाकडे जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तिथे नेमके गट किती? सगळे एकच ना?

मोठे दोन, आणि ते एकमेकांचे वैरी आहेत. 'जेएनआयएम' ही अल-कायदाशी बांधलेली आघाडी मार्च २०१७ मध्ये बनली. इयाद अग घाली हा तुआरेग तिचा प्रमुख. कुफाचा गट तिच्यातच आहे. दुसरा इस्लामिक स्टेटचा साहेल गट. तो माली, नायजर, बुर्किना यांच्या सीमा मिळतात त्या भागात जोरात आहे आणि अधिक अंदाधुंद मारतो. पळवून नेणारे मात्र कधी तिसरेच असतात. स्थानिक टोळी माणूस उचलते आणि पुढे गटाला विकते.

लष्कराने सत्ता घेतल्यावर सुरक्षा सुधारली का?

नाही. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ असे दोन सत्तापालट झाले आणि असिमी गोइता वर आले. बुर्किना फासोत जानेवारी आणि सप्टेंबर २०२२ असे दोन. दुसऱ्यात इब्राहिम ट्राओरे चौतिसाव्या वर्षी देशाचे प्रमुख झाले. नायजरमध्ये २६ जुलै २०२३ रोजी अध्यक्षांच्या अंगरक्षक दलाच्या प्रमुखानेच, अब्दुर्रहमान च्यानी यांनी, निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना कोंडून घातलं. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितलं गेलं: आधीच्यांना सुरक्षा देता आली नाही.

त्यानंतर काय झालं ते पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये बुर्किनातल्या बारसालोगोत लष्कराच्या सांगण्यावरून गावाभोवती खंदक खणत असलेल्या लोकांवर गोळीबार झाला. शंभराहून कितीतरी जास्त माणसं जागीच गेली. ज्या खंदकाने वाचायचं होतं, त्यातच प्रेतं पडली. पुढच्याच महिन्यात बामाकोत, मालीच्या थेट राजधानीत, पोलिसी प्रशिक्षण केंद्र आणि विमानतळावर हल्ला झाला. बुर्किनातल्या विस्थापितांचा शेवटचा सरकारी आकडा मार्च २०२३ चा आहे, २० लाखांहून अधिक. त्यानंतर सरकारने आकडा देणंच थांबवलं.

तरीही ट्राओरे यांच्यावर आफ्रिकेतले तरुण जीव टाकतात, हेही खरं. 'आम्ही कुणाचे मिंधे नाही' हे वाक्य त्या लोकांनी साठ वर्षं ऐकायची वाट पाहिली होती. त्या भावनेला तुच्छ लेखू नये. पण बारसालोगोच्या आयांना त्या वाक्याने संरक्षण दिलं नाही.

फ्रान्सला का हाकललं?

दोन थरांची कारणं आहेत. जुना थर वसाहतीचा. स्वातंत्र्य १९६० मध्ये मिळालं, पण चलन फ्रान्सशी बांधलेलंच राहिलं. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या त्या चलनाचं मूल्य एका फटक्यात निम्मं झालं, आणि औषधं, डिझेल यांच्या किमती लोकांच्या डोळ्यांसमोर दुप्पट झाल्या. ती आठवण घराघरात आहे. नायजरच्या आर्लितमधल्या युरेनियमवरही फ्रान्सच्या अणुभट्ट्या चालल्या आणि नायजरमधली बहुतेक खेडी अंधारात राहिली.

नवा थर लष्करी मोहिमेचा. फ्रान्सचे पाचेक हजार सैनिक, ड्रोन, विमानं असूनही हल्ले वाढतच गेले. लोकांना वाटू लागलं की यांना हे संपवायचंच नाही. या संशयाला पुरावा नव्हता, पण उत्तर देण्याजोगं यशही फ्रान्सकडे नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये माली, २०२३ च्या सुरुवातीला बुर्किना आणि त्या वर्षअखेर नायजर, असे फ्रेंच सैनिक निघाले. ३०० हून अधिक शांतिसैनिक गमावलेली संयुक्त राष्ट्रांची मोहीमही डिसेंबर २०२३ मध्ये मालीतून बाहेर पडली. अमेरिकेने नायजरमधल्या आगादेझचा ड्रोन तळ २०२४ मध्ये रिकामा केला.

रशिया आल्याने काय बदललं?

राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांना पाठराखण मिळाली. खेड्यातल्या माणसाची भीती वाढली.

वाग्नर या रशियन खासगी कंपनीचे भाडोत्री सैनिक डिसेंबर २०२१ पासून मालीत आले. मार्च २०२२ मध्ये मोप्ती भागातल्या मूरा गावाला लष्कराने आणि परदेशी सशस्त्र माणसांनी वेढा घातला. बाजाराचा दिवस होता. पाच दिवसांत किमान ५०० माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आपल्या अहवालात म्हटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वाग्नरच्या मदतीने मालीच्या सैन्याने किडाल परत घेतलं, हे यश निश्चित मोठं होतं. पण जुलै २०२४ मध्ये अल्जीरियाच्या सीमेवर तिंझावातेनला वाग्नरची तुकडी कापली गेली. जून २०२५ मध्ये वाग्नरने निघत असल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या जागी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं 'आफ्रिका कोअर' आलं. तेही देश राखण्यापेक्षा सत्ता राखण्याच्या कामी जास्त येतं, असं माझं मत आहे.

आणि चीन, तुर्कस्तान?

चीन पैसा आणि पाइपलाइन घेऊन आला. नायजरच्या आगादेम तेलक्षेत्रातून बेनिनच्या किनाऱ्यापर्यंत जवळपास २,००० किलोमीटरची वाहिनी चिनी कंपनीने टाकली. मार्च २०२५ मध्ये नायजरने त्याच तेल उद्योगातल्या चिनी अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं. म्हणजे रोष फक्त फ्रेंचांपुरता नव्हता. तुर्कस्तान ड्रोन विकतो.

सोन्याचा यात काय संबंध?

फार मोठा, आणि तो आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो.

माली आणि बुर्किना हे आफ्रिकेतल्या मोठ्या सोनं-उत्पादक देशांपैकी आहेत. मालीने २०२३ मध्ये खाणकायदा बदलून सरकारचा वाटा वाढवला. त्यावरून कॅनडाच्या बॅरिक कंपनीशी भांडण इतकं चिघळलं की तिचे कर्मचारी तुरुंगात गेले, सरकारने हेलिकॉप्टर पाठवून खाणीवरचं सोनं उचललं आणि खाण बंद पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली. वाटा मागण्यात काही चूक नव्हती. पण कंपनीच्या माणसांना ओलीस धरून केलेल्या वाटाघाटी बघून पुढचा गुंतवणूकदार काय शिकतो, हाही प्रश्न आहे.

दुसरं सोनं हातखाणींतलं. दोरीने खाली उतरायचं, माती वर काढायची, पाऱ्याने सोनं वेगळं करायचं. लाखो माणसांचं पोट यावर आहे. ज्या भागात सरकार नाही तिथे खाणीवर 'कर' हत्यारबंद गट घेतात. हे सोनं हातोहात पुढे जातं, त्यातलं बरंच दुबईत पोहोचतं. तिथे वितळलं की त्याचा गाव पुसला जातो. भारत दुबईकडून मोठ्या प्रमाणावर सोनं घेतो. आपल्या लग्नसराईतल्या दागिन्यात साहेलचा कण असेल की नाही हे सराफालाही सांगता येणार नाही, आणि अडचण तीच आहे.

मालीत डिझेलची नाकेबंदी झाली म्हणजे काय झालं?

सप्टेंबर २०२५ मध्ये जेएनआयएमने जाहीर केलं की सेनेगल आणि आयव्हरी कोस्टकडून येणारं इंधन आत जाऊ देणार नाही. मग टँकर जाळायला सुरुवात केली. चालक मारले गेले, ताफ्यांना लष्कराचं संरक्षण देऊनही डझनावारी गाड्या खाक झाल्या. बामाकोत लोक 'जाकार्ता' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटरसायकली रांगेत लावून पंपावरच रात्र काढू लागले. सोत्रामा म्हणजे हिरव्या मिनीबस उभ्या राहिल्या. वीजही मोठ्या प्रमाणावर डिझेलवर, त्यामुळे आधीच कमी असलेली वीज आणखी गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस देशभरातल्या शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या.

शहर जिंकण्याची ताकद नसलेल्या गटाने रस्ता पकडून शहराला गुडघ्यावर आणलं. बुर्किनातलं जिबो शहर तर २०२२ पासून असंच वेढ्यात आहे. तिथे लोक झाडपाला शिजवून खाऊन राहिले.

भारताचं तिथे काय आहे?

तिन्ही राजधान्यांत भारताचे दूतावास आहेत. नायजरची राजधानी नियामेत भारताच्या अनुदानातून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय अधिवेशन केंद्र उभं राहिलं, जानेवारी २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मुंबईत मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेच्या कर्जातून मालीत बामाको, बुगुनी, सिकासो जोडणाऱ्या वीजवाहिनीसारखी कामं झाली. टॉवर लाइन टाकणाऱ्या भारतीय कंपन्या या भागात बऱ्याच वर्षांपासून आहेत. फिटर, रिगर, वायरमन इथूनच जातात. हे उपयोगी काम आहे, कुणाच्या झोपडीत दिवा लावणारं. म्हणूनच ते करणाऱ्याचा जीव असा उघड्यावर पडावा, हे सहन होत नाही.

भारतीयांनाच का पळवतात?

भारतीय म्हणून नव्हे, हाताशी येणारा परदेशी म्हणून. युरोपीय माणसं बहुतेक निघून गेली. खाणीतले बडे अधिकारी हेलिकॉप्टरने फिरतात. टॉवर लाइनचं काम मात्र असतंच उघड्या माळावर, रोज पुढे सरकणारं, गावापासून लांब. चिनी, भारतीय, इजिप्शियन, सगळेच यात सापडले. खंडणीचा पैसा हा या गटांचा मोठा आधार आहे, आणि काम बंद पाडलं की सरकारची नाचक्की होते, हा दुसरा हेतू.

भाचा कामाला निघालाय. एजंट म्हणतो बामाको एकदम शांत आहे. पाठवावं का?

बामाकोबद्दल एजंटला विचारूच नका. साइट कुठे आहे ते विचारा. जिल्हा, गावाचं नाव, जवळचं शहर आणि तिथवर जायचा रस्ता, हे लेखी मागा. 'तिकडे गेल्यावर कळेल' असं उत्तर आलं तर माणूस पाठवू नका. माझं स्पष्ट मत सांगतो: सध्या राजधानीबाहेरच्या कुठल्याही साइटवर, पगार कितीही असला, तरी जाऊ नये.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर सरकारी तपासणीची अट असते, पण ती आखाती देश धरून ठरावीक १८ देशांनाच लागू आहे. माली, नायजर, बुर्किना त्या यादीत नाहीत. म्हणजे आखातात जाताना करार, एजंटचा परवाना, सक्तीचा विमा यांची जी छाननी होते, ती इथे होत नाही. ती घरच्यांनीच करायची. एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतो. नोकरी मुख्य कंपनीची की पोटकंत्राटदाराची, ते करारावरून तपासा, कारण अडचण आली की पोटकंत्राटदार फोन उचलत नाही. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात राहणार, परत यायचं तिकीट कुणाचं, हेही आधी ठरवून घ्या. विमा असेल तर पॉलिसीतले अपवाद वाचून घ्या. युद्ध, दहशतवाद आणि अपहरण यांना अपवाद घातलेला असेल तर या देशात त्या पॉलिसीचा उपयोग नाही.

जो आधीच तिथे आहे, त्याने दूतावासात नाव नोंदवावं आणि रात्रीचा प्रवास पूर्ण बंद ठेवावा. साइटवरचे फोटो, राहण्याची जागा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकू नये.

अपहरण झालंच तर घरच्यांनी काय करायचं?

कंपनीच्या भरवशावर न थांबता परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशातल्या दूतावासाला थेट कळवा. 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. जिल्हाधिकारी आणि खासदार यांना लेखी द्या. घरातला एकच माणूस बोलण्यासाठी ठरवा, आणि पळवणाऱ्यांचा फोन आला तर काय बोलायचं ते आधी अधिकाऱ्यांशी ठरवून घ्या. 'मी सोडवून आणतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. पगार चालू राहील का, हे कंपनीला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. लाज वाटायचं कारण नाही. महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते आणि तोवर घर चालायचं असतं.

कंपनीकडे अपहरणाचा विमा असला तरी ती तो जाहीर करत नाही, कारण बातमी फुटली की मागणी वाढते. त्यामुळे कंपनी गप्प आहे म्हणजे काहीच करत नाही, असा अर्थ लगेच काढू नका.

आम्ही छोटे निर्यातदार आहोत. तिकडे माल पाठवावा का?

मालाचा धोका माणसाच्या धोक्यासारखा नसतो, त्याला विमा आहे. मुंबईस्थित ईसीजीसी ही सरकारी संस्था १९५७ पासून हेच काम करते: युद्ध, परकीय चलन अडकणं, आयातबंदी अशा कारणांनी बुडालेल्या पैशाला संरक्षण. देशानुसार तिची वर्गवारी आणि अटी बदलतात, म्हणून ऑर्डर घेण्याआधी विचारा. औषधं पाठवणाऱ्यांनी माल कुठल्या बंदरातून आत जाणार हे बघावं. २०२३ च्या सत्तापालटानंतर शेजाऱ्यांनी नायजरवर निर्बंध लादले, तेव्हा बेनिनची सीमा बंद होऊन ट्रक महिनोन्‌महिने अडकून पडले होते.

हे लोण पुढे पसरेल का?

पसरलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर बेनिनमध्ये एका हल्ल्यात ५४ सैनिक गेले. टोगोचा उत्तर भागही अशांत आहे. त्यातच तिन्ही लष्करी राजवटींनी जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेचा जुना संघ (इकोवास) सोडला, आपला वेगळा संघ त्यांनी आधीच केला होता, त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंची सैन्यं एकमेकांना माहिती देईनाशी झाली आहेत. याचा फायदा कुणाला, ते उघड आहे.

खरी बातमी कुठे मिळेल?

अवघड आहे. आरएफआय आणि फ्रान्स २४ या फ्रेंच वाहिन्यांवर तिन्ही देशांत बंदी आहे. स्थानिक पत्रकारांना उचलून नेलं जातं, बुर्किनात काहींना थेट आघाडीवर पाठवलं गेलं. समाजमाध्यमांवर ट्राओरे यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले व्हिडिओ धो-धो वाहतात, मराठी आणि हिंदी निवेदन लावूनही फिरतात. कामापुरतं पाहायचं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवाससूचना, बामाको आणि नियामेच्या भारतीय दूतावासांची पानं आणि फ्रान्स, अमेरिका, ब्रिटन यांच्या प्रवास-नकाशांतले लाल पट्टे बघा. साइटचं गाव त्या नकाशावर शोधा, आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या माणसाशी, एजंट शेजारी नसताना, फोनवर बोला.